मोठें तांबडें बटण

तळहाताएवढें रुंद, करंड्याच्या झांकणासारखें फुगीर आणि कुंकवासारखें लालभडक असें एक बटण भेटवस्तूंच्या दुकानांत मिळतें. त्याच्या पोटांतून निघणारी तार संगणकास जोडली, कीं तें कळफलकावरील एखाद्या कळीप्रमाणें काम करूं लागतें. संगणक गोठला म्हणजे त्यावर मूठ आपटावयाची आणि यंत्र पुन्हां सुरू करावयाचें, अशी त्यामागील कल्पना. याचाच दुसरा अवतार तीन कळांच्या कळफलकाचा आहे. कंट्रोल, ऑल्ट आणि डिलीट एवढ्याच कळा, परंतु एकेक कळ पानाच्या डब्याएवढी! त्या तीन कळांच्या आकाराच्या उशा आणि चहाचे पेलेहि निघाले आहेत. ज्यांच्या घरीं मुलगा किंवा सून संगणकाच्या धंद्यांत आहे, त्यांनीं यांपैकीं कांहींतरी मेजावर पाहिलें असेल.

असल्या खेळण्यावर लेख तो काय लिहावयाचा, असें कोणी म्हणेल. परंतु त्याच्या मागें एक मोठा विरोध दडलेला आहे. ज्या इंजिनियरांनीं संगणक पुन्हां सुरू करण्याची युक्ति प्रथम बसविली, त्यांनीं ती चुकून वापरली जाऊं नये म्हणून मुद्दाम अवघड करून ठेविली. खेळणें करणारानें तीच इतकी सोपी केली, कीं रांगतें मूलहि ती साधूं शकेल. या दोहोंत अंतर किती, तें ज्याचें दिवसभराचें लिखाण एका क्षणांत नाहींसें झालें आहे त्यासच विचारावें.

गोठणें म्हणजे काय, हें आधीं पाहिलें पाहिजे. संगणकास दोन प्रकारची स्मृति असते. एक पाटीसारखी आणि दुसरी वहीसारखी. चालू काम सारें पाटीवर होतें, कारण पाटीवर लिहिणें-पुसणें झटपट होतें. ‘सेव्ह’ ही आज्ञा दिली म्हणजे पाटीवरील मजकूर वहींत उतरतो. वीज गेली कीं पाटी कोरी होते; वही तशीच राहते. आतां यंत्रांत एकाच वेळीं अनेक प्रोग्राम चाललेले असतात. त्यांतील एखादा आपल्याच आज्ञांच्या फेऱ्यांत सांपडून घाण्याच्या बैलासारखा फिरत राहतो. कधीं दोन प्रोग्राम एकमेकांची वाट पाहत बसतात. एकाच्या हातांत दौत आणि दुसऱ्याच्या हातांत टाक. टाक मिळाल्यावांचून पहिला दौत सोडीत नाहीं आणि दौत मिळाल्यावांचून दुसरा टाक सोडीत नाहीं. पडद्यावरील बाण हलेनासा होतो, अक्षर उमटत नाहीं. यंत्र मोडलेलें नसतें. तें अशा एका अवस्थेंत जाऊन पोहोंचलेलें असतें, कीं जींतून बाहेर पडण्याची वाट त्यास कोणीं सांगितलेली नाहीं. पुन्हां सुरू करणें म्हणजे पाटी पुसून पहिल्या ओळीपासून आरंभ करणें. पहिली ओळ कोणती, हें यंत्रास पक्कें ठाऊक असतें. म्हणून हा उपाय बहुधा लागू पडतो. वेदपाठशाळेंत संथा घेतांना विद्यार्थी अडखळला, कीं गुरुजी त्यास तसाच पुढें ढकलीत नाहींत. मागें नेऊन पुन्हां म्हणावयास लावतात. त्यांतलाच हा प्रकार.

या आरंभास इंग्रजींत ‘बूट’ म्हणतात, याचें पुष्कळांस नवल वाटतें. आपल्याच बुटाचे पट्टे धरून स्वतःस वर उचलणें, अशा अर्थाच्या इंग्रजी वाक्प्रचारावरून तो शब्द आला आहे. कसलेला नटहि स्वतःच्या खांद्यावर चढूं शकत नाहीं, असा दृष्टांत शंकराचार्यांच्या भाष्यांत आहे. संगणकानें मात्र त्यावर तोड काढली. त्याच्या अंगांत एक लहानसा प्रोग्राम कायमचा कोरलेला असतो. वीज येतांच तो आधीं जागा होतो आणि मोठ्या प्रणालीस वहींतून उचलून पाटीवर आणून बसवितो.

तीन कळांची गोष्ट अमेरिकेंतील फ्लॉरिडा राज्यांतील बोका रॅटन या गांवची. आय.बी.एम. ही कंपनी मोठमोठ्या संगणकांबद्दल प्रसिद्ध होती. मेजावर मावेल असा संगणक होतां होईल तों लवकर बाजारांत आणावा, म्हणून १९८० सालीं तिनें तेथें एक लहानसें पथक बसविलें. आरंभींच्या बारा इंजिनियरांपैकीं डेव्हिड ब्रॅडली हे एक. काम इतक्या झपाट्यानें झालें, कीं १२ ऑगस्ट १९८१ रोजीं तो संगणक जाहीरहि झाला.

हें काम चाललें असतां नवा लिहिलेला प्रोग्राम चुकला, कीं यंत्र गोठे. दिवसांतून कितीदां तरी वीज तोडून पुन्हां जोडावी लागे. आणि दर वेळीं तें यंत्र आपल्या स्मृतीचें घर न् घर तपासून पाहत बसे. त्यांत वेळ जाई. म्हणून ब्रॅडलींनीं अशी सोय केली, कीं कंट्रोल, ऑल्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबल्या म्हणजे वीज न तोडतां यंत्र नव्यानें सुरू व्हावें आणि स्मृतीची ती तपासणी गाळली जावी. त्यासाठीं स्मृतीच्या एका ठराविक घरांत १२३४ असा संकेत लिहिला जाई. यंत्र जागें होतांच तो संकेत तेथें दिसला, तर हा नवा जन्म नव्हे, नुसती कूस बदलली आहे, असें समजून तें तपासणी वगळी. या कामास पांचदहा मिनिटें लागलीं, असें ब्रॅडलींनींच पुढें सांगितलें आहे.

परंतु एक अडचण निघाली. या तिन्ही कळा कळफलकाच्या डाव्या बाजूस होत्या. डाव्या हाताचा ओझरता धक्का लागून यंत्र पुन्हां सुरू होण्याचा संभव होता. तेव्हां मेल हॉलरमन या सहकाऱ्यांनीं सुचविलें, कीं एस्केपच्या जागीं डिलीट घ्यावी. ती कळ उजव्या बाजूस. त्या कळफलकावर कंट्रोल आणि ऑल्ट यांची एकेकच कळ असे, आणि ती डावीकडे. त्यामुळें तिन्ही कळा दाबावयाच्या तर दोन्ही हात लागत. अर्घ्य जसें ओंजळीनेंच द्यावयाचें, एका हातानें उडविलेल्या पाण्याचें अर्घ्य होत नाहीं, तसेंच हें. दोन्ही हात एका कामास लावले, कीं तें काम अजाणतां झालें असें म्हणतां येत नाहीं. आमच्या मतें पांचदहा मिनिटांच्या त्या कामांतील सर्वांत शहाणपणाचा भाग हाच होय. आणि गंमत अशी, कीं ही सोय गिऱ्हाइकांकरितां केलेलीच नव्हती. ती इंजिनियरांच्या आपसांतली होती. ती यंत्राच्या माहितीपुस्तकांत छापली गेली आणि पाहतां पाहतां जगभर पसरली.

लाल रंग आणि मोठा आकार यांची कल्पनाहि खेळणें करणारांची स्वतःची नव्हे. त्याच १९८१ सालच्या संगणकाचा वीजेचा खटका मोठा व तांबडा होता. पण तो ठेविला होता पेटीच्या उजव्या कुशीस, मागल्या अंगास. त्याहून जुने मोठे संगणक घ्या. आय.बी.एम.नें १९६४ सालीं जाहीर केलेल्या सिस्टिम ३६० या मालिकेंतील यंत्रांस आणीबाणीची एक तांबडी मूठ असे. ती ओढतांच वीज तुटे. आणि एकदां ओढली, कीं कंपनीचा दुरुस्ती करणारा माणूस येऊन ती पूर्ववत् करीपर्यंत यंत्र चालत नसे. ओढणारानें आधीं दहा वेळां विचार करावा, हा त्यांतील हेतु उघड आहे. पुढें ४३४१ नांवाच्या एका यंत्राची तांबडी कळ एका प्रोग्रामकाराच्या मॉली नांवाच्या चिमुरडीनें एकाच दिवसांत दोनदां दाबली, आणि त्या कळीवर पारदर्शक प्लॅस्टिकचें झांकण बसवावें लागलें. अशा झांकणास त्या धंद्यांत अजूनहि ‘मॉली-गार्ड’ म्हणतात. शास्त्रज्ञांचीं नांवें सिद्धांतांस लाभतात. या बाळीचें नांव झांकणास लाभलें!

अ‍ॅपल-टू या १९७७ सालच्या यंत्राच्या कर्त्यांसहि असाच धडा मिळाला. त्यांनीं ‘रीसेट’ची कळ ‘रिटर्न’च्या अगदीं डोक्यावर बसविली होती. रिटर्न ही ओळीगणिक दाबावयाची कळ. बोट किंचित् वर गेलें, कीं चालू काम जागच्या जागीं थांबे. पुढें कंट्रोल आणि रीसेट या दोन कळा एकदम दाबल्यावांचून कांहीं होऊं नये, अशी व्यवस्था करण्यांत आली.

खेळण्याचें खरें कुळ शोधावयाचें तर कारखान्यांत जावें लागेल. तेथें यंत्राशेजारीं पिवळ्या पार्श्वभूमीवर अळंब्याच्या आकाराचें तांबडें बटण असतें. कोणाचा हात सांपडला, कपडा गुंतला, तर जवळच्यानें धांवत येऊन तळव्यानें किंवा कोपरानेंहि दाबावें, म्हणून तें मोठें. परंतु त्याचा नियम ध्यानांत घेण्यासारखा आहे. दाबलें कीं तें दाबलेलेंच राहतें. तें पिळून मोकळें केलें तरी यंत्र आपोआप सुरू होतां कामा नये. सुरू करण्याची आज्ञा निराळी द्यावी लागते. थांबविणें सोपें आणि सुरू करणें जाणूनबुजून, असा तो विवेक आहे. खेळण्यानें त्या बटणाचें रूप तेवढें उचललें आणि विवेक कारखान्यांतच ठेविला.

तीन कळांस घरोघर पोहोंचविलें तें मायक्रोसॉफ्टच्या विंडोज या प्रणालीनें. २००१ सालीं आय.बी.एम.च्या त्या संगणकाच्या विसाव्या वाढदिवसानिमित्त कॅलिफोर्नियांतील सॅन होजे येथें समारंभ झाला. ब्रॅडली आणि बिल गेट्स हे दोघेहि व्यासपीठावर होते. या कळांचें श्रेय मला वांटून घेतलें पाहिजे, त्या मीं शोधल्या असतील पण प्रसिद्ध केल्या त्या बिलनें, अशा आशयाचें ब्रॅडली बोलले. सभा पोट धरून हंसली. गेट्स मात्र हंसले नाहींत.

वस्तुतः गेट्स यांच्या कंपनीनें या कळांना एक प्रतिष्ठेचें कामहि दिलें होतें. १९९३ सालच्या विंडोज एन.टी.मध्यें यंत्रांत प्रवेश करण्यापूर्वीं त्या दाबाव्या लागत. या तीन कळांची खबर थेट मूळ प्रणालीकडे जाते. मधला कोणताहि सामान्य प्रोग्राम ती अडवूं शकत नाहीं. एखाद्या लबाड प्रोग्रामनें प्रवेशाचा खोटा पडदा उभा करून परवलीचा शब्द चोरावयाचा बेत केला, तर तो येथें उघडा पडतो. जी संहाराची कळ होती ती द्वारपाल झाली. यासाठीं तीनांऐवजीं एकच कळ असावयास हवी होती, पण आय.बी.एम.चा कळफलक आंखणारा ती देईना. तीन कळा ही चूकच झाली, असें गेट्स यांनीं २०१३ सालीं हार्वर्ड विद्यापीठांत सांगितलें. आम्हांस हें पटत नाहीं. एका कळीचें सुख अ‍ॅपल-टूवाल्यांनीं भोगून पाहिलें होतें.

आतां मौज पाहा. आजच्या विंडोजमध्यें या तीन कळा दाबल्या तर यंत्र पुन्हां सुरू होतच नाहीं. पडद्यावर एक यादी येते आणि तुमचें काय काम आहे म्हणून अदबीनें विचारते. म्हणजे तें पानाच्या डब्याएवढ्या कळांचें खेळणें कितीहि जोरानें बडविलें, तरी फळ एवढेंच! शिवाय तें बटण झालें तरी एक कळफलकच. यंत्र खरोखरच पुरतें गोठलें असेल तर तें मूळच्या कळफलकाचेंहि ऐकत नाहीं. मग या पाहुण्याचें काय ऐकणार? झोंपलेल्या माणसापुढें मोठ्या अक्षरांची पाटी धरण्यासारखाच तो प्रकार.

खेळणें निरुपद्रवी आहे. परंतु तें जी संवय शिकवितें ती तशी नाहीं. आमच्या परिचयाचे एक निवृत्त गृहस्थ आपल्या घराण्याचा कुलवृत्तांत सिद्ध करीत होते. त्यांच्या एका वृद्ध काकूंना पांच पिढ्यांचीं नांवें तोंडपाठ होतीं. त्यांतहि लेकीसुनांचीं, त्यांच्या माहेरचीं, त्यांच्या गांवांचीं, जीं वंशावळींत सहसा कोणी लिहीत नाहीं. काकू दुपारभर सांगत बसल्या आणि गृहस्थ संगणकावर उतरवून घेत गेले. तिसऱ्या प्रहरीं पडद्यावर चक्र फिरूं लागलें आणि कांहीं हलेना. दोन मिनिटें झालीं नाहींत तोंच मदतीस आलेल्या पुतण्यानें ‘काका, रीस्टार्ट करूं का?’ म्हणून विचारलें, आणि उत्तराची वाट न पाहतां वीजेचें बटण दाबून धरलें. यंत्र सुरळीत सुरू झालें. आरंभीं सेव्ह केलेलीं दोन पानें मिळालीं; प्रणालीनें आपण होऊन राखलेला आणखी थोडा भाग मिळाला; बाकीचा नाहीं. काकूंना सवडीनें पुन्हां बसवावयाचें ठरलें होतें. चैत्रांत त्या आजारी पडल्या आणि गेल्या. छापून निघालेल्या ग्रंथांत त्या शाखेंतील नऊ सुनांच्या माहेरच्या नांवाच्या जागीं नुसती रेघ आहे.

पडदा थांबला म्हणजे यंत्र मेलें, असें समजूं नये. कॅप्स लॉकची कळ दाबून तिचा दिवा लागतो-विझतो का, तें पाहावें. लागत-विझत असल्यास यंत्र आंत जागें आहे. मग पांचदहा मिनिटें हात आवरावा. पुष्कळदां एखादें मोठें काम उरकून तें आपोआप मोकळें होतें. न झाल्यास कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या कळा एकदम दाबाव्या. चाललेल्या प्रोग्रामांची यादी येते, आणि तींतील अडलेला तेवढाच प्रोग्राम बंद करतां येतो. एका उंदरासाठीं घर पाडण्याचें कारण नाहीं. त्यानेंहि न भागल्यास यादींतील ‘रीस्टार्ट’. वीजेचें बटण दाबून धरणें हा अगदीं शेवटचा उपाय, कारण त्या क्षणीं यंत्र वहींत कांहीं लिहीत असेल, तर वहीचेंहि पान फाटतें. आणि कंट्रोल व एस या दोन कळांनीं मजकूर वहींत उतरविण्याची संवय तर परिच्छेदागणिक असावी. आणखी एक गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसते. २०१२ सालच्या विंडोज ८ पासून, ‘शट डाउन’ म्हटलें असतां यंत्र आपल्या गाभ्याची स्थिति वहींत टिपून ठेवतें व सकाळीं तीच परत उचलतें, म्हणजे लवकर सुरू व्हावें. ही सोय चालू असेल, तर रात्रीं बंद करून सकाळीं उघडलेलें यंत्र पुरतें ताजें नसतें. ‘रीस्टार्ट’ म्हटलें तरच पाटी खरोखर पुसली जाते.

पाटी मुळींच पुसली नाहीं तर काय होतें, याचें उदाहरण विमानांतून मिळतें. बोइंग ७८७ या विमानांतील जनित्रांचीं नियंत्रक यंत्रें सलग २४८ दिवस चालू राहिलीं, तर तीं एकदम काम सोडून विमानाची वीज जाण्याचा धोका आहे, असें आढळल्यावरून अमेरिकेच्या विमान खात्यानें २०१५ सालीं तीं त्यापूर्वींच बंद करून पुन्हां सुरू करण्याचा हुकूम काढला. हे २४८ दिवस कोठून आले? सेकंदाचे शंभरावे भाग मोजणारा गणक धरा. दोनाचा एकतिसावा घात म्हणजे २,१४,७४,८३,६४८. इतके शतांश भरावयास बरोबर २४८ दिवस आणि कांहीं तास लागतात. गणिताच्या तासाला देण्याजोगें हें उदाहरण आहे.

जेथें माणसाचा हात पोहोंचत नाहीं, तेथें यंत्राला स्वतःच आपली पाटी पुसावी लागते. २० जुलै १९६९ रोजीं अपोलो ११ चें यान चंद्रावर उतरत असतां त्यांतील संगणकावर कामाचा भार अतोनात झाला. त्यानें अनेकदां धोक्याची सूचना दिली आणि दर वेळीं स्वतःच पुन्हां सुरू होऊन, बिनमहत्त्वाचीं कामें टाकून, उतरण्याचें तेवढें काम पुढें चालविलें. पाथफाइंडर यान ४ जुलै १९९७ रोजीं मंगळावर उतरलें. कांहीं दिवसांनीं त्याचा संगणक वारंवार आपोआप पुन्हां सुरू होऊं लागला. कारण मोठें घरगुती होतें. पंक्तीसाठीं पळी एकच आणि ती एका पोरसवद्या मदतनिसाच्या हातांत; मुख्य आचारी तिची वाट पाहत उभा; आणि मधल्या मानाचे लोक मदतनिसास बाजूस सारून आपलेंच काम रेटीत आहेत. आचाऱ्याचें काम वेळेवर झालें नाहीं असें पाहून पहारा करणारें घड्याळ सबंध स्वयंपाकच पहिल्यापासून सुरू करी. पृथ्वीवरील इंजिनियरांनीं हुबेहूब तसेंच यंत्र मांडून दोष शोधला आणि उपाय कोट्यवधि मैलांवरून धाडला: आचारी खोळंबला असेल तोंवर पळी धरणारास आचाऱ्याचा मान द्यावा. यंत्र ताळ्यावर आलें.

पुन्हां सुरू करण्यानें पाटी पुसली जाते, वही नव्हे. दोष वहींतच असेल तर काय होतें, तें १९ जुलै २०२४ रोजीं सगळ्या जगानें पाहिलें. क्राउडस्ट्राइक या कंपनीनें संगणकांच्या रक्षणासाठीं धाडलेल्या एका सुधारणेंत दोष निघाला आणि विंडोजचे सुमारें ८५ लाख संगणक कोलमडले. सुरू व्हावें, दोष वाचावा, कोसळावें आणि पुन्हां सुरू व्हावें, असें त्यांचें चक्र चालूं राहिलें. आपल्याकडे विमानतळांवर उतारूंना हातानें लिहिलेलीं प्रवेशपत्रें द्यावीं लागलीं. ठिकठिकाणचे तंत्रज्ञ यंत्रामागून यंत्र उघडून, दोषी फाइल हातानें पुसून, पुढल्या यंत्राकडे जात होते. मायक्रोसॉफ्टनें आपल्या दूरच्या केंद्रांतील यंत्रांविषयीं मात्र कळविलें, कीं तीं पुनःपुन्हां सुरू केल्यानें कांहीं ग्राहकांचें काम झालें आहे. त्यासाठीं पंधरा वेळांपर्यंतहि प्रयत्न करावा लागेल. पंधरा वेळां दाबावयाचें तर बटण मोठें असलेलें बरें, एवढें मात्र खेळणें करणारांच्या बाजूनें म्हणतां येईल.